ग्राफीन पाण्यात टिकवण्याची कृती : उदगीर मुक्कामासाठी

साहित्य : ग्राफाइटची बारीक भुकटी, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, बर्फाची लादी, भरपूर पाणी, झाकणाच्या काचेच्या बाटल्या, एक मार्गदर्शक आणि चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल. मार्गदर्शक चार दिवस बैठकीला गेले तरी काम अडत नाही. मोबाइलचं तसं नाही. का, ते पुढे येईलच.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये असे पत्रे एकावर एक रचलेले असतात, मधलं अंतर 0.335 नॅनोमीटर. 2004 साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने हे थर सोलत सोलत शेवटच्या एकापर्यंत नेले आणि 2010 चं भौतिकशास्त्राचं नोबेल पटकावलं. तेव्हापासून आपल्याकडे विज्ञान शाखा असलेल्या कुठल्याही महाविद्यालयात डोकावा, कुणी ना कुणी ग्राफीन करत बसलेलं असतं. करणं जमतं. पाण्यात सोडलेलं ग्राफीन पाण्यातच राहील असं बघणं, ही खरी मेख. ही मार्गदर्शिका तेवढ्यापुरतीच आहे.

नवशिक्याची पहिली खेप ठरलेली असते. भुकटी पाण्यात टाकायची, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरायची (चष्म्याच्या दुकानात फ्रेम धुवायला ठेवतात त्याच जातीचं यंत्र), पाणी काळंभोर झालं की सरांना बोलवायला पळायचं. सर येईपर्यंत वरचं पाणी नितळ आणि तळाला काळा गाळ. प्रयोगशाळेतले मामा तिथेच स्टुलावर बसलेले असतात. ते वाकून बघतात आणि म्हणतात, "खाली बसलालंय की ओ सर." महागड्या यंत्राच्या अहवालापेक्षा हे निदान लवकर मिळतं, आणि सहसा चुकत नाही.

खाली बसण्याचा दोष वजनावर टाकू नका. सुटा पत्रा इतका हलका की पाण्याच्या रेणूंचे धक्केच त्याला वर ठेवतात. दुखणं वेगळंच आहे : तो सुटा राहत नाही. पाण्याशी त्याचं पटत नाही आणि दुसरा पत्रा जवळ आला की दोघं अंगाला अंग लावून चिकटतात. चिकटायला जागाही थोडीथोडकी नाही. एका ग्रॅम ग्राफीनचं क्षेत्रफळ, दोन्ही बाजू धरून, 2,630 चौरस मीटर, म्हणजे बरोबर 26 गुंठे. एवढ्या रानावर आपल्याकडे तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे मात्र उलटी भाऊबंदकी, झालेल्या वाटण्या मोडून सगळे पुन्हा एकत्र यायला टपलेले. त्यांच्यात कायमची फूट पाडणं हे तुमचं काम.

आता पाणी बघा. आम्लाआधी पाणी. मोठ्या शहरांतले शोधनिबंध ही पायरी गाळतात, कारण तिथे प्रयोगशाळेच्या एका नळाला आयनविरहित पाणी येतं आणि लिहिणाऱ्याला ते गृहीत असतं. उदगीर बालाघाटच्या पठारावर, बेसाल्टच्या काळ्या खडकावर वसलेलं. बोअरचं पाणी त्या खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवूनच वर येतं. हीटरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर तोच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. 200 मिलिग्रॅम म्हणजे लिटरला 2 मिलिमोल. आणि पाण्यात छान पसरलेल्या ग्राफीन ऑक्साइडचा (म्हणजे ऑक्सिजनचे गट जोडलेल्या ग्राफीनचा; कृती पुढे येते) गठ्ठा करायला कॅल्शियमचे काही मोजके मिलिमोल पुरतात. मिठातल्या सोडियमवर एकच धनभार, कॅल्शियमवर दोन. पण सिद्धांताप्रमाणे ताकद भाराच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणून हा दुप्पट भाराचा गडी चौसष्ट पटींनी भारी पडतो. शिवाय दोन पत्र्यांच्या कडांना एकेक हात देऊन तो त्यांना जोडूनही टाकतो. म्हणजे माणसाला चालणारं पाणी ग्राफीनला चालेलच असं नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर चहासारख्या तांबूस, आरपार दिसणाऱ्या ग्राफीन ऑक्साइडच्या बाटलीत बोअरचं पाणी ड्रॉपरने सोडा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग थेंब पडला त्या जागी धुरकट रेघ उमटते, रेघेचे तंतू होतात, तंतूंच्या तपकिरी चिंध्या, आणि चिंध्या एकमेकींना धरून डुलत डुलत खाली उतरतात. बाटली कितीही हलवा, पहिल्यासारखं पुन्हा होत नाही.

तेव्हा पाणी ऊर्ध्वपातित घ्या. प्रयोगशाळेचं संयंत्र विजेच्या लहरीवर चालत असेल तर जारचं पाणी घेण्याचा मोह होईल. ते आरओचं असलं तर बोअरपेक्षा बरं, पण प्रत्येक जार टीडीएस मीटरने तपासूनच घ्या. जारवरचं लेबल हा पुरावा नव्हे. बॅटरीच्या दुकानातलं पाणी हा इथल्या संशोधनाचा अलिखित आधारस्तंभ आहे. त्याचा उल्लेख कुठल्याच प्रबंधात आढळणार नाही, आभारप्रदर्शनातसुद्धा नाही.

किती पाणी लागेल? शोधनिबंधात एक ओळ असते : 'पाण्याने पुनःपुन्हा धुतले.' हमर्स यांच्या मूळ कृतीत (ती पुढे येते) 100 ग्रॅम ग्राफाइटसाठी धुण्याला हात घालण्यापूर्वीच मिश्रण 14 लिटरपर्यंत पातळ केलेलं आहे. ज्या जिल्ह्याला 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून रेल्वेच्या 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं आणि ते बघायला लोक लातूर स्टेशनवर जमले, त्या जिल्ह्यात ही ओळ लिहिताना हात जरा थबकायला हवा. नवशिक्यांनी 1 ग्रॅमवर थांबावं.

पाणी झालं, आता रासायनिक बदल. ढोबळ मार्ग दोन.

पहिल्या मार्गात पत्र्याला धक्का लावायचा नाही, त्याच्याभोवती काहीतरी गुंडाळायचं. साबणासारखे पदार्थ, पित्ताम्लाचे क्षार, पीव्हीपीसारखी बहुवारिकं, काहीही चालतं. 2014 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने स्वयंपाकघरातला मिक्सर आणि भांडी घासायचं द्रव साबण वापरून ग्राफाइटचे पत्रे सुटे करून दाखवले, तेही 'नेचर मटेरियल्स'सारख्या नियतकालिकात. हे वाचून कुणाला हुरूप आला असेल तर सूचना : घरचा मिक्सर घेऊ नये. यामागे शास्त्रीय कारण काहीच नाही, फक्त त्यात पुढे शेंगदाण्याची चटणी करायची असते.

खरं तर हा मार्ग आपल्याकडे जुनाच. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला, तेव्हाच्या दफ्तरांत चालणारी काळी शाई म्हणजे काय? काजळ आणि डिंक. काजळ हाही कार्बनच, पाण्यावर रुसलेला. डिंकाचे लांबलचक रेणू काजळाच्या कणाला एका टोकाने चिकटतात, उरलेले हातपाय पाण्यात पसरतात आणि दुसऱ्या कणाला जवळ फिरकू देत नाहीत. भाराचा इथे फारसा संबंध नाही, सगळी करामत गर्दीची. ती शाई तासन्‌तास घोटावी लागे, आणि घोटणाऱ्याला त्याबद्दल पीएच.डी. मिळत नसे. बाभळीच्याच कुळातला अरबी डिंक आजचे संशोधक ग्राफीनसाठी वापरतात आणि तो उत्तम चालतो. अडचण एकच. गुंडाळलेला डिंक पत्र्या-पत्र्यांच्या मध्येच बसून राहतो आणि वीज एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जाऊ देत नाही. शाईला वीज वाहायची नव्हती. तुम्हाला वाहायची असेल तर तो डिंक काढावा लागेल, आणि काढलात की मामा आहेतच स्टुलावर.

दुसऱ्या मार्गात पत्र्यालाच हात घालायचा : कार्बनच्या अणूंवर नवे गट पक्के जोडायचे. याची सुरुवात 1859 सालची. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रॉडी यांनी ग्राफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि वाफाळतं नायट्रिक आम्ल चालवलं. त्यांना ग्राफाइटचा अणुभार काढायचा होता. उत्तर आलं 33, आणि 'ग्राफॉन' नावाचं नवं मूलद्रव्यच आपल्या हाती लागलं असं त्यांनी मानलं. कार्बनचा अणुभार 12. सिद्धांत बुडाला, पदार्थ तरला. त्याला आज आपण ग्राफाइट ऑक्साइड म्हणतो. 1898 साली स्टाउडेनमायर यांनी त्यात सुधारणा केली आणि 1958 साली हमर्स आणि ऑफमन यांनी सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेटची कृती दिली. जगातल्या निम्म्या ग्राफीन-प्रबंधांचं दुसरं प्रकरण तिथूनच सुरू होतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने नायट्रेट वगळलं, नऊ भाग सल्फ्युरिकला एक भाग फॉस्फरिक आम्ल घेतलं, आणि विषारी तांबडा वायू थांबवला. शक्य असेल तर हीच कृती धरा.

तरी जुनी हमर्सची रीत समोर आलीच तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. आम्लात ग्राफाइट ढवळून झालं की परमँगनेट चिमटीचिमटीने टाकायचं असतं आणि तापमान 20 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. आम्ल आणि परमँगनेट मिळून मँगनीजचं एक हिरवट, तेलकट ऑक्साइड तयार होतं, ते तापलं तर स्फोट होतो. मे महिन्यात उदगीरला खोलीचं तापमानच चाळिशीला टेकतं. रसवंतीवाल्याकडून आणलेली लादी टबात ठेवली तर ती तुमच्या डोळ्यांदेखत संपते, म्हणून दुसरी गोणपाटात गुंडाळून तयार असू द्या. घाई झाली, जेवणाची सुट्टी झाली, परीक्षेचं सुपरव्हिजन लागलं, यांतल्या कुठल्याही कारणाने परमँगनेट एकदम ओतायचं नाही. एकट्याने, घरी, हॉस्टेलवर, धूर ओढणाऱ्या कपाटाशिवाय हे करायचंच नाही. या परिच्छेदात विनोद नाही.

सगळं नीट पार पडलं तर शेवटी पेरॉक्साइडचे थेंब पडताच भांड्यातला तपकिरी रबडा क्षणात सोनपिवळा होतो. सगळ्या कृतीत फोटो काढण्याजोगा क्षण हाच, आणि नेमका तेव्हाच हातात ओले मोजे असतात.

आता पत्र्याच्या अंगावर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड गट आले, कडांना कार्बोक्सिल. कार्बोक्सिल पाण्यात आपला प्रोटॉन सोडून ऋणभारित होतो. ज्याच्या त्याच्या कडेला ऋणभार, म्हणून कुणी कुणाजवळ जात नाही. या दुराव्याचं माप म्हणजे झीटा विभव. ते उणे 30 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर मिश्रण टिकाऊ समजायचं. आम्ल टाकलं की प्रोटॉन परत येतात आणि दुरावा संपतो; अमोनियाचे थेंब टाकले की वाढतो.

मग धुणं. कुठलंही पुस्तक याबद्दल सावध करत नाही, म्हणून इथे करतो. सुरुवातीच्या धुण्यांत सगळं गुण्यागोविंदाने चालतं : आम्ल आणि क्षार भरपूर असल्यामुळे माल पटकन खाली बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं. पण जसजसे क्षार निघतात तसतसे पत्रे फुगतात, मिश्रण जेलीसारखं होतं, गाळणकागदाची छिद्रं बुजतात आणि एक थेंब खाली पडायला इतका वेळ लागतो की दोन तासिका होऊन जातात. अपकेंद्री यंत्रातही ते खाली बसायला राजी नसतं. ज्या टिकाऊपणासाठी एवढा खटाटोप केला तो नेमका नको तेव्हा, धुताना, येऊन उभा राहतो. वैतागून मधेच धुणं थांबवू नका. अर्धवट धुतलेल्या मालात उरलेलं मँगनीज पुढे दोनभारी कॅल्शियमसारखंच वागतं आणि सहा महिन्यांनी बाटलीच्या तळाशी सापडतं.

एवढं करून हाती काय आलं? पाण्यात सुंदर पसरणारी तपकिरी वस्तू, जिच्यातून वीज जात नाही. गट जोडताना पत्र्याची सलग जाळी जागोजाग तुटली, आणि ग्राफीनची सगळी ऐट त्या सलग जाळीतच होती. पाण्यात राहण्यासाठी जे जे अंगावर चढवाल ते ते विजेच्या वाटेत आडवं येणार. हा सौदा कुठल्याही कृतीत टळत नाही, फक्त कमीजास्त होतो. म्हणून बाटली उघडण्याआधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय हवंय? लेप? गाळणी? वीज? उत्तर 'शोधनिबंध' असेल तर सगळंच जमतं.

वीज हवी असेल तर जोडलेला ऑक्सिजन पुन्हा काढायचा. हायड्राझीन हे काम करतं, पण ते विषारी; क जीवनसत्त्व सोज्वळपणे करतं. आपल्याकडे तिसरा पंथ जोरात आहे : झाडपाल्याचा अर्क. कडुनिंब, सीताफळ, तुळस, महाविद्यालयाच्या आवारात जे उगवेल ते. अर्कातले काही पदार्थ ऑक्सिजन काढतात आणि काही पत्र्यांना गुंडाळूनही बसतात, हे खरं. पण नेमके कोणते, हे विचारलं की तोंडी परीक्षेत शांतता पसरते. ऑक्सिजन सरसकट काढला तर पत्रे पुन्हा भावकीसह खाली. 2008 साली ऑस्ट्रेलियात डॅन ली आणि सहकाऱ्यांनी यातून वाट काढली : अमोनियाने पाणी अल्कधर्मी ठेवलं, क्षार काटेकोर धुऊन काढले, आणि अंगावरचा ऑक्सिजन काढताना कडांचे कार्बोक्सिल राहू दिले. कडांच्या भारावर पत्रे सुटे राहिले, साबण-डिंकाशिवाय. माझ्या मते नवशिक्याने एकच शोधनिबंध पाठ करायचा असेल तर तो हा करावा.

याहून नेमकं जोडकामही होतं. डायझोनियम क्षारांनी सल्फोनिक गट बसवता येतात, लांब शेपटीचे अमाइन लावले तर माल पाण्याऐवजी तेलकट द्रावकात रमतो, सिलेन लावले तर इपॉक्सीत. उत्साह टिकला तर पुढच्या वर्षी.

आता मोबाइल. टिकाऊपणाचा सर्वमान्य पुरावा म्हणजे दोन बाटल्यांचा फोटो : डावीकडे बिचारं साधं ग्राफीन तळाला, उजवीकडे आपलं, एकजीव काळं. काळ्या बाटलीत मागच्या बाजूला काय बसलंय ते फोटोत दिसत नाही, यामुळेच या पद्धतीचा जगभर प्रसार झाला असावा. पाहुणे यायच्या आधी मामा बाटली सहज उचलून जागेवर ठेवतात, तेवढ्यानेही बरंच साधतं. ज्यांना खरोखर बघायचंय त्यांनी वरचं पाणी न हलवता पिपेटने घ्यावं, शंभरपट पातळ करावं आणि वर्णपटमापीत 230 नॅनोमीटरला शोषण मोजावं. दर आठवड्याला, त्याच खोलीवरून. आकडा घसरला तर माल घसरला. लेझर पॉइंटरची लाल रेघ आरपार दिसली म्हणजे आत कण आहेत एवढंच कळतं; किती आणि केवढे, ते नाही.

झीटा विभवासाठी नमुना नांदेडला, पुण्याला, जिथे यंत्र मोकळं असेल तिथे पाठवावा लागतो. तो बसने जातो. खाली बसलेला माल रस्त्यातल्या खड्ड्यांनी पुन्हा ढवळला जातो आणि मुक्कामी पोचेपर्यंत ताजातवाना दिसतो. म्हणून बाटलीवर तारखेसोबत 'निघताना तळाला गाळ होता की नाही' हेही लिहा. आणि कुठल्या पाण्यात, किती सामूवर, हे लिहायला विसरू नका. त्याविना उणे 38 हा आकडा लॉटरीच्या तिकिटाच्या लायकीचा.

शेवटी कुणीतरी ठेकेदार तुमची कीर्ती ऐकून येईल आणि म्हणेल, "सर, हे सिमेंटात टाकलं तर मजबुती वाढते म्हणे." वाढते, प्रयोग झालेले आहेत. पण ओल्या सिमेंटातलं पाणी कॅल्शियमने भरलेलं असतं, बोअरचं पाणी त्यापुढे गंगाजल. कडांच्या भारावर भरवसा ठेवलेलं ग्राफीन ऑक्साइड तिथे पडल्या पडल्या गोळा होतं. तिथे पुन्हा गर्दीचीच युक्ती लागते : काँक्रीट पातळ करायला वापरतात ते पॉलिकार्बोक्सिलेट आधी ग्राफीनवर चढवायचं, मग सिमेंटात घालायचं. ठेकेदाराला हे सांगून झालं की तो दर विचारेल. दर सांगा. तो चहा घेऊन जाईल.

साफसफाई : धुण्याचं पहिलं पाणी आम्लाचं आणि मँगनीजचं असतं. ते बेसिनात ओतू नका. खाली ज्या नालीला जातं ती पुढे कुणाच्या तरी बोअरशेजारून जाते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, सावकाश चुना घालून आम्ल मारा, मँगनीजचा गाळ बसू द्या, सुकवून वेगळा ठेवा आणि कॅनवर नाव घाला. कॅन उघडाच राहिला तर मामा त्यात चुना टाकतील, पण तो त्यांच्या डबीतला, आणि तो पुरणार नाही.